लहान आगगाडीचा खरेपणा

जुन्या आगगाडीच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती घडविण्याच्या छंदास टीकेची कसोटी लावावी काय, असा प्रश्न पुष्कळांस पडेल. आमच्या मते ती अवश्य लावावी. भारतातील रुंदमार्गावरची बाष्पइंजिने १९९५ साली नित्याच्या चाकरीतून गेली. मीटरमार्गावरचीही त्यांच्यामागून थोड्याच वर्षांत गेली. बहुतेक भंगारात निघाली. पुढील पिढीस त्यांचे रूप कळावयाचे ते मुख्यतः या प्रतिकृतींवरून. अशा वेळी प्रतिकृतीतील चूक हा केवळ खेळण्यातला दोष राहत नाही. तो इतिहासात शिरलेला अपपाठ होतो.

लहान आगगाडी म्हटली की ग्वाल्हेरकरांना जयविलास राजवाड्यातील चांदीची गाडी आठवते. भोजनाच्या मेजावरून ती पाहुण्यांपुढे मद्याची काचपात्रे नेत असे (सोवळ्यातील वाचकांनी क्षमा करावी), आणि पात्र उचलताच थांबत असे. कारागिरी लोभस खरी. परंतु तिला प्रतिकृती म्हणणे आम्हांस मान्य नाही. ती इंजिनाचा वेष घेतलेली वाढपी आहे. तिच्याकडून आगगाडीविषयी काही शिकावयाचे नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

दावा करणारांची गोष्ट वेगळी. सोळापट लहान इंजिन घडविताना लांबी सोळावा हिस्सा होते, पृष्ठभाग दोनशे छप्पन्नावा आणि वजन चार हजार शहाण्णवावा. साठ टनांचे इंजिन मग पंधरा किलोंच्या आतच भरते. परंतु अग्नी आणि पाणी यांना हे त्रैराशिक ठाऊक नसते. बॉयलरमधून जाणारी दोन इंची धूरनळी प्रमाणाने एकअष्टमांश इंचाची होते. तीतून ज्वाळा नीट वाहत नाही आणि राखेने ती तुंबते. म्हणून जाणता कारागीर नळ्यांची संख्या कमी करून त्या रुंद घेतो आणि तांब्याचा पत्राही प्रमाणापेक्षा जाड वापरतो. हे असत्य नव्हे. इंजिन कोळशावर चालावे यासाठी दृष्टीआड केलेली ती तडजोड आहे. ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने इंग्लंडातील ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकात लिहिणाऱ्या लॉरेन्स यांनी १९२० नंतरच्या काळात अडीच इंची रुळावरील इंजिनात खरा कोळसा जाळून त्यामागे जिवंत माणूस ओढून दाखविला. तोवर एवढ्या लहान इंजिनाकडून पुष्कळांची तशी अपेक्षाही नव्हती. बाहेरच्या खिळ्यांची संख्या मोजीत बसणाऱ्यांपेक्षा हा मनुष्य इंजिनाच्या अधिक जवळ होता, असे आम्ही समजतो.

आमची खरी तक्रार आहे ती दिसणाऱ्या तडजोडीविषयी. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी ज्यांनी ओढली, त्या व्हल्कन फाउंड्रीच्या इंजिनांपैकी आज एकही उरलेले नाही. त्यांचा मार्ग साडेपाच फूट रुंद होता. सोळापट लहान केल्यास रूळ सव्वाचार इंचांना जरासा कमी हवा. बाजारात मिळतो तो साडेतीन इंची, कारण तो इंग्लंडच्या चार फूट साडेआठ इंची मार्गाचा सोळावा हिस्सा आहे. त्यावर आपले इंजिन बसविले की मूळ मापाने दहा इंच रुंदी नाहीशी होते. चाके आत सरकतात, अंग बाहेर लोंबते. लहान पाटावर मोठी मूर्ती बसवावी तसे ते दिसते. घरात विजेवर चालणाऱ्या सत्त्याऐंशीपट लहान गाड्यांतही हाच प्रकार: रुळांतील अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर हवे, असते १६.५. रंग उत्तम, अक्षरे सुबक, आणि बैठक परक्या देशाची! रूळ स्वतः ओढून घेण्याचे श्रम वाचविण्यासाठी इंजिनाचे गोत्र बदलावे, हे आम्हांस क्षम्य वाटत नाही.

या दृष्टीने मुरगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा या मार्गाच्या आसपास राहणारांचे भाग्य थोर. तो मार्ग १९९० नंतरच्या दशकात रुंद होईपर्यंत मीटरचा होता. मीटर म्हणजे ३९.३७ इंच, त्याचा सोळावा हिस्सा अडीच इंचांहून केसभरच कमी. लॉरेन्स यांनी ज्यावर माणूस ओढला तोच हा रूळ! मीटरमार्गावरचे एखादे ‘वाय. पी.’ जातीचे इंजिन त्यावर कसलीही लबाडी न करता उभे राहू शकते. तथापि इंग्लिश एक्सप्रेसच्या चकचकीत हिरव्या प्रतिकृतीच आमच्या हौशी मंडळींस अधिक मोहवितात. मैसूरच्या रेल्वे संग्रहालयात मीटरमार्गाची इंजिने ठेवलेली आहेत. बेळगावाहून तेथवर रात्रीचा प्रवास. सोबत फीत, कागद आणि पेन्सिल असली म्हणजे झाले.