निवेदकाचा पूर्वग्रह आणि मराठीतील आदरार्थी रूपे : वर्गाध्यापनाच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

कथात्म साहित्याच्या अध्यापनात ‘निवेदक’ ही संकल्पना आता अपरिचित राहिलेली नाही. वेन बूथ यांच्या १९६१ मधील ग्रंथानंतर ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा मराठी समीक्षेतही रुळली. तथापि, निवेदक निःपक्ष नसतो हे तत्त्वतः मान्य करणे वेगळे आणि तो पक्षपात संहितेतील नेमक्या शब्दावर बोट ठेवून दाखविणे वेगळे. पदवी स्तरावरील उत्तरपत्रिकांतून हे अंतर ठळकपणे जाणवते. ‘लेखकाची भाषा ओघवती आहे’, ‘शैली प्रवाही आहे’ अशा विधानांपुढे शब्दनिवडीचा विचार सहसा जात नाही. जातो तेव्हा तो विशेषणांपाशी थांबतो. ‘दुष्ट’, ‘कपटी’, ‘सालस’ असे शब्द अधोरेखित केले, की पूर्वग्रह शोधल्याचे समाधान मिळते. मराठीत मात्र पूर्वग्रहाचे पहिले ठिकाण विशेषण नसून सर्वनाम आणि क्रियापद हे आहे. या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकेरी आणि आदरार्थी

‘रामा पाटलांकडे गेला. पाटील ओसरीवर बसले होते.’ या दोन वाक्यांत एकही विशेषण नाही. निवेदकाने कोणाची स्तुती केलेली नाही, निंदाही नाही. तरीही दोन माणसांच्या जागा ठरून गेल्या आहेत. आता तीच वाक्ये ‘रामजी पाटलाकडे गेले. पाटील ओसरीवर बसला होता.’ अशी केली, तर घटना तीच राहूनही वाचक दचकतो. पहिल्या वाक्यांना तो दचकला नव्हता, ही बाब अध्यापकाने वर्गात थांबून दाखविण्यासारखी आहे. जो पूर्वग्रह वाचकाच्या सवयीशी जुळतो तो त्याला पूर्वग्रह वाटत नाही. ती ‘साधी भाषा’ वाटते.

इंग्रजीत ‘तो’ आणि आदरार्थी ‘ते’ यांना एकच सर्वनाम आहे. परिणामी, निवेदनमीमांसेची इंग्रजी पाठ्यपुस्तके शब्दार्थ आणि सूर यांची चर्चा करतात. क्रियापदाच्या प्रत्ययातून होणारी मानाची वाटणी त्यांच्या कक्षेत येत नाही. त्या पुस्तकांतील प्रश्नावली जशीच्या तशी मराठीच्या वर्गात आणली, तर मराठी निवेदकाचे सर्वात प्रभावी साधन तपासणीतून निसटते.

नागपुरातील वर्ग

धरमपेठेसारख्या वस्तीतील महाविद्यालयाच्या वर्गात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. एकाच बाकावर घरी प्रमाण मराठी बोलणारा, काटोल-हिंगण्याकडून येणारा वऱ्हाडी बोलीचा आणि घरात हिंदी असणारा विद्यार्थी बसलेला असतो. ज्यांच्या आजोबांना गावाने वय झाल्यावरही एकेरीच हाक मारली, त्यांची नातवंडेही त्याच वर्गात असतात. निवेदकाची एकेरी ‘स्वाभाविक’ म्हणून पुढे सरकणे म्हणजे त्या विद्यार्थ्यांसमोर गावाचा जुना निवाडा पुन्हा वाचून दाखविणे होय. उत्तर लिहिताना तेच विद्यार्थी ‘रामा म्हणाला’ आणि ‘पाटील म्हणाले’ असे लिहितात, तेव्हा निवेदकाचा पूर्वग्रह नकळत त्यांच्या हस्ताक्षरात उतरलेला असतो.

नामकरणाचा विचार करताना या शहराचा इतिहास हाताशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घडलेल्या घटनेला ‘धर्मांतर’, ‘धम्मदीक्षा’ आणि ‘धम्मचक्र प्रवर्तन’ असे तीन शब्द लावले जातात. पहिला शब्द काय सोडले याकडे, दुसरा काय स्वीकारले याकडे लक्ष वेधतो. तिसरा त्या घटनेला बुद्धाच्या पहिल्या उपदेशाशी जोडतो. दिनांक एकच, परंतु निवेदक कोणता शब्द निवडतो यावरून तो कोठे उभा आहे ते कळते.

संहितांचा आधार

नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यासाठी तत्कालीन समाजाकडे ‘बाटणे’ हा शब्द तयार होता. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्या स्वतःही ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यामुळे त्या ग्रंथात दोन लक्ष्मीबाई आहेत : सोवळे-ओवळे जिवापाड जपणारी पूर्वीची आणि तिच्याकडे हसून पाहणारी नंतरची. एखादा शब्द यांपैकी कोणाचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता येतो. शिवाय पतीचा तापटपणा आणि विसरभोळेपणा सांगतानाही त्या ‘टिळक’ म्हणून आदरार्थी रूपच वापरतात. आदरार्थी रूप म्हणजे निवेदकाची संमती नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाच्या शीर्षककथेत शब्दनिवडीचा प्रश्न शीर्षकापासूनच सुरू होतो. नोकरीसाठी परगावी गेलेला निवेदक जात सांगत नाही. ‘लपविली’ हे क्रियापद उपलब्ध असताना ‘चोरली’ हे का यावे? चोरीला फिर्यादी लागतो. येथे आरोप करणाऱ्यांचा शब्द निवेदकाने स्वतःच्या तोंडी घेतला आहे आणि कथा पुढे जाते तसा तो शब्द आरोप करणाऱ्यांवरच उलटतो. म्हणजे पूर्वग्रहाचा शब्द निवेदकाच्या तोंडी असला तरी पूर्वग्रह त्याचाच असतो असे नाही.

अध्यापनाची दिशा आणि मर्यादा

या विवेचनावरून वर्गासाठी एक साधा अभ्यास सुचविता येतो. उताऱ्यातील प्रत्येक व्यक्तीपुढे निवेदक तिला कोणत्या नावाने संबोधतो आणि कोणते क्रियारूप देतो याची नोंद करावी. त्यानंतर रूपांची अदलाबदल करून उतारा मोठ्याने वाचावा. जेथे कान अडखळेल तेथे चर्चा सुरू करावी.

मात्र या नोंदीचे कोष्टक बनवू नये. मराठीत आई ‘ती’ असते आणि वडील ‘ते’. ‘श्यामची आई’मधील (१९३५) एकेरीत अनादराचा लवलेश नाही. विठ्ठलालाही ‘तू’च म्हटले जाते. कित्येक ग्रामीण घरांत वडीलधाऱ्यांनाही एकेरीच हाक असते. एकेरी जवळिकीची की अवमानाची, हे एका रूपावरून ठरत नाही. ते रूप परत मिळते का, यावरून ठरते. रामा पाटलांना ‘तू’ म्हणू शकत नाही, हाच तेथील निर्णायक पुरावा होय. त्याचप्रमाणे निवेदकाचा दोष थेट लेखकावर लादण्याची घाईही टाळली पाहिजे. बागुलांची कथा त्या घाईविरुद्धचा उत्तम दाखला आहे.

समारोप

शब्दनिवडीतून पूर्वग्रह ओळखण्याचे शिक्षण हे केवळ साहित्याच्या प्रश्नपत्रिकेपुरते नाही. वृत्तपत्रातील आरोपी ‘तो’ असतो की ‘ते’, हे पाहण्याची सवय याच वर्गात लागू शकते. तीच कसोटी अध्यापनालाही लागू होते. हजेरी घेताना कोणाला ‘अहो’ आणि कोणाला ‘ए’ म्हटले जाते, हे विद्यार्थी पाठ सुरू होण्यापूर्वीच ऐकत असतात.