माउंटफर्ड यांचा ग्रंथ व प्रकाशनाचा अधिकार

चार्ल्स माउंटफर्ड यांचा 'नोमॅड्स ऑफ द ऑस्ट्रेलियन डेझर्ट' हा ग्रंथ इ. स. १९७६ सालीं रिग्बी या प्रकाशकांनीं काढला. मध्य ऑस्ट्रेलियांतील पिचंचाचारा लोकांच्या कथा, चित्रें व विधि यांचा हा संग्रह होय. त्याच वर्षीं पिचंचाचारा मंडळाच्या सभासदांनीं नॉर्दर्न टेरिटरीच्या वरिष्ठ न्यायालयांत फिर्याद केली, आणि न्या. मुइरहेड यांनीं त्या प्रांतापुरती ग्रंथास अंतरिम मनाई केली.

ग्रंथकारांच्या परिश्रमाविषयीं वाद नाहीं. मूळचे टपाल-तार खात्यांतील यंत्रकारागीर असलेले माउंटफर्ड १९४० सालीं त्या वाळवंटांत हिंडले. वृद्धांनीं त्यांच्यावर विश्वास ठेवला, व जें दीक्षित पुरुषांनींच जाणावयाचें तें त्यांस सांगितलें. पस्तीस वर्षांनंतर तेंच छापून निघाल्यावर त्या लोकांच्याच स्त्रिया, मुलें व अदीक्षित तरुण यांच्या हातीं जाणार, आणि समाजाची व धर्माची घडी विसकटणार, अशी फिर्यादींची तक्रार होती. मनाईचा आधार ग्रंथस्वामित्वाचा कायदा नव्हे, विश्वासभंगाचा, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ग्रंथकारांस याची जाणीव नव्हती असेंही नाहीं. जेथें हा धर्म अद्याप जिवंत आहे तेथें स्थानिक धर्मप्रमुख पुरुषांचा सल्ला घेऊनच पुस्तक वापरावें, अशी सूचना ग्रंथांतच आहे. म्हणजे धोका ओळखला, आणि तो टाळण्याचा भार मात्र वाचकावर टाकला! आमच्या मतें ग्रंथाचा खरा दोष हाच.

आमच्या संशोधकवर्गास हें कडू वाटेल. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून सांपडेल तें छापावें, नाहीं तर वाळवी खाईल, ही आमची शिकवण. आणि दप्तरांच्या बाबतींत ती योग्यच होती. परंतु दप्तर लिहिणारे केव्हांच गेलेले असतात. येथें सांगणारांचे वारस हयात असून तो धर्म आचरीत आहेत. संस्कृतज्ञ वाचक म्हणतील, हा तर आपला अधिकारिभेदच. साम्य वरवरचें आहे. तेथें पुरुषांच्या गुप्त विद्येप्रमाणें स्त्रियांचीही स्वतंत्र गुप्त विद्या असून तींत पुरुषांस प्रवेश नाहीं. आणि कोणती कथा कोणीं सांगावी, हें त्या त्या भूमीशीं असलेल्या नात्यावरून ठरतें. म्हणून एका वृद्धाची संमति ती सर्वांची संमति, असें मानतां येत नाहीं.

हे लोक स्वतःस अणंगू म्हणवितात (नामसादृश्यावरून त्यांस मदनाच्या कुळांत घालण्याचा मोह कोणा व्युत्पत्तिकारास न होवो). दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९८१ च्या कायद्यानें एक लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक भूमि त्यांच्या मालकीची झाली; तेथें जाण्यास परक्याला त्यांचा परवाना लागतो. कॅनबेरा येथील आदिवासी-अध्ययन संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेली नीतिसंहिता तर संशोधनांत त्यांचा स्वयंनिर्णय व त्यांचेंच नेतृत्व हीं मूळ तत्त्वें मानते. कित्येक विद्वानांस हा कागदी सोपस्कार वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. "हें कोणास दाखवावें आणि कोणास नाहीं?" हा प्रश्न माउंटफर्ड यांनीं छपाईपूर्वीं त्या लोकांच्या मंडळास विचारला असता, तर न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंगच आला नसता.

ग्रंथांतील नित्य जीवनाचीं वर्णनें मोलाचीं आहेत, व तीं नष्ट व्हावींत असें आम्ही म्हणत नाहीं. पुनर्मुद्रण करावयाचेंच असेल, तर ठेवावयाचीं व वगळावयाचीं पानें अणंगूंनींच निवडावींत. आरंभीं सूचना छापून भागणार नाहीं.