आनंदाच्या तासिकेत बोलते कोण? दिल्लीच्या ‘हॅपिनेस करिक्युलम’चे परीक्षण

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी ‘युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज’ हा विषय अभ्यासला असेल. त्याची प्रेरणा ए. नागराज यांच्या मध्यस्थ दर्शनातून आली आहे. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीसाठी सुरू केलेल्या ‘हॅपिनेस करिक्युलम’चा वैचारिक आधारही तोच आहे. उद्घाटनाला दलाई लामा उपस्थित होते. त्यामुळे हा विषय तुम्हाला वाटतो तितका दूरचा नाही.

पहिलीपासून रोज एक तासिका होती. तिच्यात सजगतेचा म्हणजे माइंडफुलनेसचा सराव, गोष्टी, कृती आणि स्वतःच्या भावना सांगणे. परीक्षा नव्हती, गुण नव्हते. गणित आणि भाषेच्या पुस्तकांनी भरलेल्या वेळापत्रकात मुलाच्या मनासाठी रोज जागा राखून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

आता शिक्षकांसाठीची हस्तपुस्तिका पाहू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. गोष्टीबरोबर तिचा उद्देश छापलेला असतो आणि पुढे चर्चेचे प्रश्न येतात. म्हणजे चर्चा कुठे पोहोचायची हे ती सुरू होण्याआधीच ठरलेले असते. सिंक्लेअर आणि कुल्थार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याचा एक साचा दाखवून दिला: शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, शिक्षक त्यावर आपला अभिप्राय देतो. विषय गणिताचा असो की भावनांचा, हा साचा सहज मोडत नाही.

एक कल्पित प्रसंग घ्या. गोष्ट मदतीची आहे. बाई विचारतात, “तुम्हाला घरी कोण मदत करतं?” एक मुलगी म्हणते, “दादा मला मारतो.” प्रश्नाचे हे उत्तर नाही, पण त्या तासातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच आहे. बाई “बरं, आणखी कोण सांगेल?” म्हणून पुढे गेल्या, तर तासिका पार पडते आणि संवाद तिथेच संपतो. शिवाय त्या मुलीने एक धडा घेतलेला असतो: इथे भावना सांगायच्या, पण चालतील तेवढ्याच. तुमच्या भाषेत सांगायचे तर ही ओपन लूप यंत्रणा झाली. आउटपुट काहीही येवो, पुढची आज्ञा बदलत नाही.

यावर उपाय महागडा नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. कृष्णकुमार यांनी १९८६ च्या आपल्या शिक्षक-पुस्तिकेत मुलांच्या बोलण्याकडे गोंगाट म्हणून न पाहता शिकण्याचे साधन म्हणून पाहायला सांगितले होते. दिल्लीत हे आणखी गरजेचे आहे. तिथली कितीतरी मुले घरी भोजपुरी किंवा मैथिली बोलतात. राग, रुसवा, भीती यांचे शब्द त्यांच्याकडे आहेत, फक्त ते वर्गाच्या हिंदीत नाहीत.

माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या अभ्यासक्रमात आनंद ही मुख्यतः आतली, समजुतीची गोष्ट आहे. पण मुलाचा राग कधी कधी रास्त असतो. जातीवरून चिडवलेल्या मुलाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणे पुरेसे नाही. चिडवणाऱ्याशी काय बोलायचे आणि कोणाकडे दाद मागायची, हेही सामाजिक-भावनिक शिक्षणच आहे. ‘सामाजिक’ हा अर्धा भाग इथे कमी पडतो.

हस्तपुस्तिकेतला मला सर्वात आवडलेला भाग मात्र अगदी साधा आहे: ‘घर जाकर देखो, पूछो, समझो’. मूल घरी जाऊन आजीला, शेजाऱ्याला काही विचारते. तिथे अपेक्षित उत्तर कोणाच्याच हातात छापलेले नसते.

स्वाध्याय म्हणून जवळच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने एक तास बसा. मुलाच्या बोलण्यामुळे शिक्षकांनी आपला पुढचा प्रश्न किती वेळा बदलला, तेवढेच मोजा.