‘ऑनेस्ट’ हे विशेषण आणि ‘ऑथेल्लो’

एखादे विशेषण भाषेत फार रुळले म्हणजे त्याच्या अर्थाकडे कोणी थांबून पाहत नाही. इंग्रजीतील ‘ऑनेस्ट’ हे विशेषण या कोटीतले होय. त्याचा अर्थ विचारल्यास खोटे न बोलणारा, लबाडी न करणारा, एवढाच बहुधा सांगितला जाईल. परंतु हा शब्द मूळचा सत्याशी नव्हे, तर प्रतिष्ठेशी संबद्ध आहे. लॅटिनमधील मानवाचक ‘होनोस’ या शब्दाच्या कुळातील ‘होनेस्तुस’ हे विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, ते ‘संभावित’ किंवा ‘मान्यवर’ या अर्थाने. पुढे त्याला अनेक फाटे फुटले. स्त्रीविषयी योजल्यास त्याचा अर्थ शीलवती असा होई. पुरुषाविषयी योजल्यास सचोटीचा. मित्रमंडळींत तो आडपडदा न ठेवणारा, दिलदार गडी या अर्थाने वापरला जाई. आणि वरिष्ठाने कनिष्ठाविषयी काढला म्हणजे ‘बिचारा भला माणूस’ अशी कृपादृष्टीची छटा त्यात उतरे. शेक्सपिअरच्या काळी हे सर्व अर्थ एकाच वेळी प्रचलित होते. ‘ऑथेल्लो’ या नाटकाचा प्रयोग 1604 साली इंग्लंडच्या राजदरबारी झाला. त्याची शोकांतिका या अर्थबाहुल्यात गुंतलेली आहे.

या गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष विशेषेकरून वेधले ते विल्यम एम्पसन यांनी. ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ या 1951 सालच्या ग्रंथात त्यांनी या नाटकातील ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ या शब्दांचे 52 प्रयोग मोजले आणि त्यांच्या छटांचे सूक्ष्म विवरण केले. एम्पसन यांचा भर मुख्यतः इयागोवर आहे, आणि तो स्वाभाविकही आहे. इयागोला हे विशेषण ऑथेल्लो लावतो, कॅसिओ लावतो, डेस्डेमोनाही लावते. ज्या सल्ल्याने कॅसिओचा नाश व्हावयाचा तो ऐकून घेतल्यावर कॅसिओ निरोप घेतो, तोही याच विशेषणाने इयागोला संबोधून. पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ निराळा आहे. ऑथेल्लोला त्यात सत्यनिष्ठा दिसते, कॅसिओला मित्राची दिलदारी. इयागोला मात्र त्यात कनिष्ठतेचा शिक्का ऐकू येत असावा. कारण बढती कॅसिओला मिळाली आणि त्याच्या वाट्याला केवळ हे स्वस्त विशेषण आले.

तथापि विवेचन इयागोपाशी थांबविले तर नाटकाचा अर्धा भागच हाती लागतो. याच शब्दाची दुसरी कसोटी डेस्डेमोनाला लावली जाते. तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात हा शब्द कसा सरकत जातो ते पाहण्याजोगे आहे. कॅसिओ ‘ऑनेस्ट’ आहे ना, असे ऑथेल्लो विचारतो. इयागो उत्तर न देता तोच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत करतो. एवढ्याने शब्दाला तडा जातो. काही वेळाने तोच शब्द डेस्डेमोनेविषयी येतो. ती तशी नसेल असे आपल्याला वाटत नाही, असे ऑथेल्लो म्हणतो. पुरुषाच्या सचोटीविषयीचा प्रश्न स्त्रीच्या शीलाकडे वळला आहे, आणि त्यासाठी नवा शब्दही लागलेला नाही. पुढे एकाच श्वासात ऑथेल्लो सांगतो की, पत्नी शीलवती आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते. इयागो सच्चा आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते. येथवर तराजूची दोन्ही पारडी समान आहेत. पण पुरावा मागितला जातो तो पत्नीच्या अपराधाचा. इयागोच्या सचोटीचा पुरावा कोणी मागत नाही.

या ठिकाणी भारतीय प्रमाणविचाराची परिभाषा उपयोगी पडते. ऑथेल्लो मागतो प्रत्यक्ष प्रमाण. त्याला डोळ्यांनी पाहावयाचे आहे. त्याच्या हाती पडते ते शब्दप्रमाण. नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे यथार्थ बोलणाऱ्याचा. इयागोला आप्त कोणी ठरविले? कोणत्याही परीक्षेने नव्हे, तर वारंवार उच्चारलेल्या त्या विशेषणाने. उलट एमिलिया आपल्या धनिणीच्या शीलाविषयी स्वतःचा आत्मा पणाला लावण्यास सिद्ध होते, तेव्हा तिची साक्ष कुंटिणीची साक्ष म्हणून झिडकारली जाते. पुढे बियांका आपले जीवन एमिलियाइतकेच ‘ऑनेस्ट’ असल्याचे सांगते, पण तिचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही. रुमालाच्या प्रसंगी तर प्रत्यक्षही शब्दाच्या अधीन झालेले दिसते. कॅसिओ हसतो बियांकेच्या गोष्टीवर. आडून पाहणाऱ्या ऑथेल्लोला ते हसणे डेस्डेमोनेविषयीचे वाटते, कारण इयागोने त्याला तसे पाहावयास शिकविलेले असते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने प्रश्न येथेच अधिक निकडीचा होतो. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे या नाटकाचे भाषांतर 1867 साली प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर 1890 सालचे. मराठीत उतरविणाऱ्या कोणालाही या विशेषणापाशी एक अडचण येणारच. इयागोसाठी ‘प्रामाणिक’, ‘इमानी’, ‘सच्चा’, ‘भला’ असे शब्द उपलब्ध आहेत. डेस्डेमोनेसाठी मात्र ‘शीलवती’, ‘साध्वी’, ‘पतिव्रता’ यांकडे वळावे लागते. ‘माझी पत्नी प्रामाणिक आहे’ या वाक्याने मराठी श्रोत्याच्या मनात शीलाचा प्रश्न सहजासहजी उभा राहत नाही. शब्द दोन झाले की मुळातील गाठ सुटते.

ही हानी केवळ श्लेषाची नव्हे. इंग्रजी नाटकात एकच शब्द पुरुषाला फुकट दिला जातो आणि स्त्रीला तो प्राण देऊनही मिळत नाही. हा अन्याय शब्दाच्या एकत्वामुळेच कानावर आदळतो. मराठीने पुरुषाचा गुण आणि स्त्रीचा गुण यांची नावे आधीच वेगळी करून ठेवली असल्याने तोच अन्याय येथे भाषेच्या रीतीत विरून जातो आणि श्रोत्याला खटकेनासा होतो.

याच्या मोबदल्यात मराठीला एक लाभ मात्र होऊ शकतो. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ या शब्दापासून झाला आहे. जे प्रमाणावर आधारलेले ते प्रामाणिक. ‘प्रामाणिक ग्रंथ’ या प्रयोगात हा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मान आहे, मराठी शब्दाच्या मुळाशी पुरावा. ज्याला सगळे प्रामाणिक म्हणतात त्याच्याकडेच ऑथेल्लोने प्रमाण मागावे, यातील भीषण उपरोध मराठीत आपोआप साधतो. भाषांतरकाराने हे दोन शब्द जाणीवपूर्वक जवळ ठेवले, तर एका ठिकाणी गेलेले काही अंशी दुसऱ्या ठिकाणी भरून निघेल.

पण सगळे भरून निघणार नाही. अखेरच्या प्रवेशात निःशस्त्र झालेला ऑथेल्लो स्वतःला विचारतो की, ‘ऑनेस्टी’ गेल्यावर ‘ऑनर’ने मागे का उरावे. एकाच धातूतून निघालेले हे दोन शब्द येथे प्रथमच समोरासमोर येतात. डेस्डेमोना निष्कलंक होती हे त्याला तोवर कळून चुकलेले असते. ज्या मानासाठी तिचा जीव घेतला, तो मान आणि तिचे शील यांचे कूळ एकच होते, हेही भाषा त्याच्याच तोंडून वदविते. मराठीत ‘मान’ आणि ‘शील’ यांच्यात असे नाते नाही. तेथे भाषांतरकाराचा उपाय चालत नाही. वाचकाने मूळ नाटकाकडेच गेले पाहिजे.