एक पितृतर्पण

रॉक नांवाच्या संगीताविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत फारसा आदर आढळत नाहीं; तें केवळ कर्णकटु व उच्छृंखल असावें, असाच माझाहि समज होता. परंतु पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाकरितां रॉजर वॉटर्स यांनीं रचिलेलें व १९८२ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’ हें गीत ऐकिल्यावर तो समज तपासून पाहणें भाग पडलें.

गीताचा विषय कवीचा पिता. एरिक फ्लेचर वॉटर्स हे शिक्षक होते. आरंभीं त्यांनीं सदसद्विवेकास स्मरून शस्त्र नाकारलें; पुढें मत पालटून ते सैन्यांत शिरले आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजीं इटलींत आंझिओच्या रणांगणावर पडले. पुत्र त्या वेळीं अवघा पांच महिन्यांचा होता. शीर्षकांतील ‘टायगर’ म्हणजे जर्मनांचे रणगाडे.

असा विषय आमच्या शाहिराच्या हातीं पडता, तर वीररसाचा पूर लोटला असता. येथें पित्याच्या पराक्रमाचें वर्णनच नाहीं. माघारीची नाकारलेली विनंती, राजाच्या नांवें आलेलें सांत्वनपत्र आणि तें पुढें पुत्रास जुन्या वस्तूंत सांपडणें, एवढेंच कथन. मागें पुरुषांच्या वृंदगायनाचा धीरगंभीर स्वर. न पाहिलेल्या पित्याचें काल्पनिक चित्र रंगविण्याचा मोह कवीनें टाळिला, हाच या रचनेचा मोठा गुण होय. अखेरीस मात्र करुणाची जागा सेनाधिकाऱ्यांवरील संताप घेतो व रसाची एकाग्रता भंगते. तथापि तो संताप उसना नाहीं, हेंहि मान्य केलें पाहिजे.

हें दुःख आम्हांस परकें मानण्याचें कारण नाहीं. त्याच इटलींत १० जुलै १९४४ रोजीं माणगांवकडील यशवंत घाडगे यांनीं देह ठेविला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एरिक वॉटर्स आणि घाडगे या दोघांचींहि नांवें कॅसिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलीं आहेत. घाडग्यांचा पराक्रम आम्ही अभिमानानें सांगतों. पण ज्यांस पदक मिळालें नाहीं, त्यांच्या मुलांनीं पेटींतले कागद उघडून काय वाचलें असेल, हें सांगणारें गीत मराठींत मला ठाऊक नाहीं. आमच्या दवनीवाड्याकडे, झाडीपट्टींत, दंडारी रात्र रात्र रंगतात. त्या परंपरेंतील एखाद्या तरुण कवीनें हा विषय हातीं घ्यावा, आणि घेतांना वॉटर्सचा संयम घ्यावा, एवढीच अपेक्षा.