‘आहे मनोहर तरी’ : दोन घडणींचा संसार

सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या विवाहाला ४४ वर्षे झाली होती आणि पु. ल. देशपांडे हयात होते. या आत्मकथनाकडे बहुधा फिर्याद म्हणूनच पाहिले गेले. अवघ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या माणसाविषयी त्याच्या पत्नीने असे लिहावे, हे कित्येकांना रुचले नाही. ज्यांना रुचले त्यांनीही फिर्यादीची चौकट मोडली नाही, फक्त निकाल फिरविला.

वस्तुतः या संहितेत दोषारोपापेक्षा अधिक मूलगामी असे काही आहे : अवधानाच्या दोन भिन्न रीती. एकाचे चित्त मैफलीत, सुरात, माणसांच्या लकबींत रमते. हिशेब, करारमदार, घराची निगा त्याच्या जाणिवेच्या कक्षेत क्वचितच येतात. दुसरीला काटेकोरपणाशिवाय चैन पडत नाही. तारुण्यात हा भेद परस्परपूरक वाटतो. उत्तरायुष्यात तोच अंतर होऊन बसतो, आणि हे अंतर भांडणाने पडलेले नसल्यामुळे समेटाने मिटतही नाही.

मेंदूच्या घडणीतील वैविध्याची परिभाषा १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. ती आज हाताशी आहे म्हणून दिवंगत लेखकाला, तेही पत्नीच्या साक्षीवरून, एखादे निदान चिकटविणे हा समीक्षेचा अतिप्रसंग ठरेल. मात्र या विचारातील एक सूत्र येथे उपयोगी पडते. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, भिन्न घडणीच्या दोघांतील आकलनाची तूट दुहेरी असते. ती एकाच पक्षाच्या खाती टाकता येत नाही. सुनीताबाईंच्या निवेदनाचे मोल नेमके येथे आहे. स्वतःचा ताठरपणा, स्वतःची न वाकणारी नेमकेपणाची हौस त्या लपवीत नाहीत. कालक्रम सोडून आठवणींच्या ओढीने भरकटणारी त्यांची रचनाही या हिशेबी प्रतिमेला आतून छेद देते.

आणखी एक पक्ष विसरला जातो, तो म्हणजे श्रोतृवर्ग. पुलंचे बालपण जोगेश्वरी-पार्ल्यात गेले. उपनगरी मध्यमवर्गाच्या गप्पांतून त्यांचा विनोद घडला, आणि त्या वर्गाने आपल्या ‘भाईं’वरचा हक्क कधी सोडला नाही. अशा दिवाणखान्यात पत्नीला एकांत मिळावा कोठून? तो बाहेर शोधला गेला, जी. ए. कुलकर्णी यांना लिहिलेल्या पत्रांत. जी. ए. १९८७ साली गेले; ‘प्रिय जी. ए.’ २००३ मध्ये ग्रंथरूपाने आले. माणसांच्या गर्दीपासून दूर राहणाऱ्या लेखकाजवळ सुनीताबाईंचे शब्द मोकळे होतात, हे ‘आहे मनोहर तरी’च्या शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे.

तरीही पती-पत्नींचा एक भूभाग सामाईक राहिला. मर्ढेकर आणि बोरकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन दोघांनी मिळून केले. तेथे शब्द तिसऱ्याचे होते, ठरलेले होते : तिच्या काटेकोरपणाला एक अक्षरही ढळू द्यावे लागत नव्हते, आणि त्याला समोर भरलेले सभागृह होते.