चेहऱ्याचा पुरावा : रहस्यपट आणि त्याचे भित्तिपत्रक

रहस्यकथा आणि रहस्यपट यांविषयी आपल्या समीक्षेत एक गृहीत रूढ आहे : उत्तर कळले की कृती संपते. या गृहीतामुळेच हा प्रकार करमणुकीच्या खात्यावर टाकून समीक्षक मोकळा होतो. ते खरे असते तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यावरूनच राज खोसला यांनी काढलेल्या ‘मेरा साया’त (१९६६) पाहण्यासारखे काहीच उरले नसते. उत्तर ठाऊक असूनही उत्कंठा टिकते, हा अनुभव नाकारता येत नाही. म्हणून उत्कंठेचे स्थान उत्तराबाहेर शोधावे लागते. ते शोधताना चित्रपटाच्याही आधी प्रेक्षकाच्या नजरेस पडणाऱ्या भित्तिपत्रकापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

प्रथम ‘धक्का’ आणि ‘उत्कंठा’ यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या संवादात आल्फ्रेड हिचकॉक यांनी तो टेबलाखालील बॉम्बच्या उदाहरणाने मांडला आहे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोटाच्या क्षणी पंधरा सेकंदांचा धक्का. माहीत असेल, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. याचा अर्थ, उत्कंठा अज्ञानातून जन्मत नाही; ती अपुऱ्या ज्ञानातून जन्मते. आपल्या परंपरेच्या परिभाषेत बोलायचे तर शंका, वितर्क, औत्सुक्य आणि त्रास या व्यभिचारिभावांची ती एकमेकांत होणारी ये-जा आहे. भरताने निर्वहणात अद्भुताची योजना सांगितली आहे. पण निर्वहण हा नाट्यवस्तूच्या पाच संधींपैकी केवळ अखेरचा संधी होय. रूढ गृहीत या शेवटच्या संधीलाच संपूर्ण कृती समजते.

आता भित्तिपत्रकाकडे वळू. उत्कंठा ही काळात उलगडणारी गोष्ट आहे, तर भित्तिपत्रक हे स्थिर चित्र आहे. मग त्याने ती निर्माण करावी कशी? बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या उपलब्ध सचित्र भित्तिपत्रकांत गणले जाते. तेथे ही अडचण नव्हती. शिवकालीन कथा प्रेक्षकाच्या ओळखीची होती, आणि ‘जे तुम्ही ऐकले आहे ते येथे पाहा’ एवढेच आवाहन पुरेसे होते. रहस्यपटाच्या भित्तिपत्रकाला याच्या उलट बोलावे लागते. म्हणून ते कार्य दाखवते, कारण गाळते. विस्फारलेले डोळे चौकटीबाहेर पाहतात. ते काय पाहतात हे मात्र चित्रात नसते. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात असतो. मोठ्या चेहऱ्याच्या पायथ्याशी एक लहानशी आकृती धावत असते, आणि या दोन प्रमाणांचा परस्परसंबंध सांगितलेला नसतो. रोलाँ बार्थ यांनी कथनातील ज्या संकेताला प्रश्न उभा करणारा आणि उत्तर लांबवणारा मानले, त्याचा पहिला अर्धा भाग येथे पूर्ण होतो. लांबवण्याचे काम चित्रपटाकडे जाते.

परंतु हे लांबवणे केवळ पडद्यावर घडते असे नाही. धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या गावचा प्रेक्षक डोळ्यांसमोर आणावा. महाराष्ट्रातील जत्रा-यात्रांतून तंबूतील फिरती चित्रपटगृहे उभी राहत, त्या काळी ग्रामीण भागात भित्तिपत्रक आधी आणि चित्रपट नंतर, असा क्रम असे. तिकिटाचे पैसे नसलेल्याला, किंवा घरून परवानगी न मिळालेल्या मुलीला, भित्तिपत्रक हीच संपूर्ण संहिता होती. वाटेत दिसलेल्या त्या डोळ्यांपुढे काय असेल, याचे उत्तर तिने स्वतःच रचायचे. तेव्हा चित्रपट न पाहताही उत्कंठा अनुभवता येते. कारण तिचे बीज उत्तरात नसून रिकाम्या सोडलेल्या जागेत आहे.

‘पाठलाग’ या जागेचा अधिक सखोल उपयोग करतो. पतीच्या लेखी पत्नीचा मृत्यू झाला आहे, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आपणच ती पत्नी असल्याचे सांगत आहे. भित्तिपत्रकाची सारी सत्ता चेहऱ्यावर उभी असते : चेहरा ओळखला की नटी ओळखली, आणि नटी ओळखली की नायिका. हा चित्रपट नेमकी तीच साखळी तोडतो. येथे चेहरा पूर्ण उजेडात आहे, तरीही तो पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. दुहेरी भूमिकेचा संकेत प्रेक्षकाला परिचित असल्याने दोन स्त्रिया असू शकतात हे त्याला कळते. पण समोरची कोणती, हे कळत नाही. ‘मेरा साया’त सहजीवनातील खाजगी आठवणी न्यायालयात पुराव्यादाखल येतात, तेव्हा प्रश्न ‘ही कोण?’ एवढाच राहत नाही. ‘आपण आपल्या माणसाला कशावरून ओळखतो?’ असा तो होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी मिळते; दुसऱ्याचे मिळत नाही. पुन्हा पाहताना आपण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी बसतो.

यातून मूल्यमापनाचा एक निकषही हाती येतो. पुष्कळ भित्तिपत्रके चित्रपटात नसलेल्या भीतीचे आमिष दाखवतात. ती फसवणूक होय, उत्कंठा नव्हे. भित्तिपत्रकाने विचारलेला प्रश्न चित्रपट पुढे नेतो की वाऱ्यावर सोडतो, हे पाहिले पाहिजे. दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांच्या हाताने रंगवलेल्या भित्तिपत्रकांची परंपरा संगणकीय छपाईपुढे मागे पडली, आणि आज चित्रपटाची पहिली ओळख बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील झलकेतून होते. ती झलक अनेकदा इतके सांगून टाकते की रिकामी जागा उरतच नाही. हानी रहस्य फुटण्याची नाही. प्रेक्षकाने स्वतः रचायची गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली जाते, ही खरी हानी आहे.